एकवीस दिवस गोळी, सात दिवस खाडा

माझ्यावर ज्या माणसाचे सर्वांत जास्त उपकार आहेत ती माझी थोरली वहिनी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि वहिनीला घरात येऊन वर्षही झाले नव्हते. दादा मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आठवडाभर राहून परत जायचा. मला न्हाऊ घातले ते वहिनीने, फटके दिले ते वहिनीने आणि शाळेत घातले तेही वहिनीनेच. रीत म्हणून त्या चार वर्षांच्या पोरालाही ती 'भावजी' म्हणायची आणि 'तुमी' म्हणूनच कान पिळायची. सातवी झाल्यावर दादा मला गिरणीत चिकटवायला निघाला, तेव्हा "भावजी शिकतील" एवढे बोलून ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दादा एकटाच मुंबईला गेला. मी पुढे पोलादपूर, महाड आणि पुणे करून बी.ए. झालो आणि महाडला हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो. आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर.

हे सगळे मी मनापासून लिहितो आहे. तरीही पुढची हकीकत सांगताना माझी चिडचिड होणार, हे आधीच कबूल करतो. जिने मला शिकवले तिच्याच कामी माझे शिक्षण आणायला गेलो, आणि ते वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत वैतागाचे वर्ष ठरले.

आधी वाडीची एक रीत सांगितली पाहिजे. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथे देवीच्या नवरात्राचा नैवेद्य दरवर्षी एक घर याप्रमाणे सात घरांत फिरतो. ज्या घराला मान येईल त्या घरच्या एकाच बाईने घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज पहाटे वेगळ्या चुलीवर तो रांधायचा. मध्ये हात बदलायचा नाही. त्यामुळे ती बाई सवाशीण हवी, आणि विटाळातून कायमची सुटलेलीही हवी. दोन्ही एकदम जुळणे कठीण. मागच्या दोन खेपांना मान आमच्या घरी आला आणि दोन्ही वेळा वहिनी अजून महिन्याची बाजूला बसायची म्हणून तो थोरल्या घरच्या काकीकडे गेला. वहिनीने दोन्ही वेळा काकीच्या घरी सरपण नेऊन टाकले आणि उंबऱ्याबाहेरून नमस्कार केला. आता वहिनी सत्तेचाळिशीला आली होती. दोन वर्षे ती बसली नव्हती. येत्या आश्विनात मान आमच्या घरी होता. मुलगी लग्न होऊन गेलेली, नवरा मुंबईला. वहिनी त्या नऊ दिवसांची वाट किती पाहत होती, हे मला ठाऊक होते.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात तिचे बिनसले.

पौषातल्या थंडीत ती पदर टाकून ओटीवर बसायची आणि सुपाने वारा घ्यायची. चेहरा लालबुंद, मानेवरून घाम. घटकाभराने तीच बाई कुडकुडत घोंगडी शोधायची. झोप उडाली. चुलीपुढे बसली की भडका उठे; भाकरी तव्यावर टाकून ती मागच्या दारी जाऊन उभी राहायची आणि भाकरी करपायची. ज्या बाईचा आवाज कधी चढला नाही तिने एकदा शेजारणीच्या कोंबडीवर वरवंटा फेकला. मग त्या कोंबडीसाठी रडली. कोंबडीला लागलेसुद्धा नव्हते.

काकीचे निदान तयार होते. "बाहेरचं हाय. भगताकडं न्या."

मी म्हणालो, "काकी, हे वयाचं असतं. सगळ्या बायकांना होतं."

"मला नाय झालं ते?"

"तुम्हांला झालंही असेल. तुमच्या रागाचा फरक कोणाला कळणार?"

काकी हसली, पण दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

वहिनीची भीती वेगळीच होती. एकदा नाचणी निवडताना ती म्हणाली, "भावजी, भाकरीच्या चुलीपुढं मला घडीभर बसवत नाय. देवीच्या चुलीपुढं नऊ दिवस कशी बसू?"

म्हणून चैत्रात मी तिला महाडला आणली. महाडला तेव्हा एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तरुण, मुंबईला शिकलेल्या, बोलायला भरभर. वहिनी माझ्या बायकोला घेऊन आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. पुरुषाने असल्या गोष्टी ऐकायच्या नसतात, आणि वहिनीच्या तर नाहीतच. पण गंमत अशी, की ऐकायचे नाही म्हणून बाहेर बसवलेल्या माणसालाच शेवटी सगळे सांगितले गेले. वहिनीला घेऊन बायको पुढे गेली तशी डॉक्टरीणबाईंनी मला दारात गाठले.

"तुम्ही मास्तर ना? मग नीट ऐका. शरीरात एक हार्मोन कमी झालंय, ते गोळीतून द्यायचं. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस खाडा, पुन्हा एकवीस. सुरुवातीला मळमळेल. आणि खाड्याच्या दिवसांत थोडी पाळी आल्यासारखं होईल. ते औषधाचं असतं, घाबरायचं नाही. एवढं त्यांना समजावून सांगा."

एवढे मी समजावून सांगितले नाही. एकवीस आणि सात हे अगदी पाढ्यासारखे पाठ करून घेतले. मळमळीचेही सांगितले. शेवटचे वाक्य मात्र गाळले. मी मनाला म्हटले, बायको सांगेल. बायकोला वाटले, मला सांगितले आहे म्हणजे मी सांगेन. आम्ही दोघेही शिकलेले.

गोळ्यांची काचेची बाटली मुंबईहून मागवावी लागली. वैशाखात त्या सुरू झाल्या. आठवड्याने मी वाडीवर गेलो तर वहिनी परसात ओकत होती आणि काकी ओटीवर बसून कौतुकाने पाहत होती.

"काय गो, या वयात डोहाळे? नवरा तर शिमग्याला येऊन गेला!"

वहिनी तोंड धूत म्हणाली, "व्हय. कैरी आणून द्या मला."

"आणीन की. बारसं जेवायला बसवशील ना?"

वहिनीने हसून घेतले, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बायका एकदम गप्प झाल्या, असे तिने मला सांगितले तेव्हा ती हसत नव्हती. मी संतापलो. विहिरीवर जाऊन सगळ्यांना हार्मोन म्हणजे काय ते सांगतो म्हणालो. वहिनीने माझा दंड धरला. "तुमी शाळंत शिकवा. विहिरीवर नको."

मळमळ दोन आठवड्यांनी ओसरली. आणि मग, खरेच सांगतो, गोळीने काम केले. भडके कमी झाले. झोप लागू लागली. एका सकाळी ती म्हणाली, "आज कोंबडं आरवल्यावर जाग आली. कोंबड्याच्या आधी नाय." मी महाडला परतताना बसमध्ये एकटाच हसत होतो. विज्ञानाचा विजय वगैरे शब्द माझ्या मनात होते.

खाड्याच्या चौथ्या दिवशी वाडीतला एक माणूस बाजाराला आला आणि निरोप देऊन गेला, "वहिनीनं तातडीनं बोलावलंय. एकट्यानं नको, बाईंना घेऊन या."

पडवीच्या टोकाला, जिथे बायका बाजूला बसतात तिथे, वहिनी गोणपाटावर बसली होती. दोन वर्षांनी. ती माझ्याकडे पाहीना. बायको तिच्याजवळ गेली, कुजबुज झाली, आणि बायको परत येऊन माझ्यावर खेकसली, "अहो, तुम्ही सांगितलं नव्हतंत?"

"तू सांगितलं नव्हतंस?"

त्या दिवशी मी दिराची सगळी लाज गुंडाळून ठेवली. अंगणात उभे राहून, पाठ फिरवून, आंब्याच्या झाडाकडे पाहत मी वहिनीला समजावले. ही पाळी नाही. औषध थांबवले म्हणून येते, औषध सुरू केले की थांबते. तू सुटलीस ती सुटलीसच.

मागून आवाज आला, "म्हंजे ही खोटी?"

"खोटी."

"खोटी हाय तर कपडा खरा कशाला लागतो?"

मी म्हणालो, "वहिनी, देवीला कळतं ना सगळं? मग हेही कळेल."

"देवीला कळंल हो. काकीला कोण सांगणार?"

तिला गोळ्या सोडायच्या होत्या. मी सोडू दिल्या नाहीत. नवरात्राला अजून वेळ आहे, मी काहीतरी करतो, असे म्हणून मी महाडला आलो आणि डॉक्टरीणबाईंपुढे पंचांग उघडून बसलो. त्या हसल्या, पण त्यांनी पेन घेतले. अवघड काही नव्हते. खाडा पुढेमागे सरकवून असा बसवायचा की तो घटस्थापनेच्या चार दिवस आधी संपेल. मग सलग एकवीस दिवस गोळी. नवरात्र आणि दसरा त्या एकवीस दिवसांच्या पोटात. "गोळी चालू आहे तोवर काही होणार नाही," त्या म्हणाल्या. मला तर एखादे गणित सुटावे तसा आनंद झाला.

पण श्रावणात वहिनी पुन्हा दोनदा बसली. दोन्ही वेळा खाड्यात नव्हे, मध्येच. मी बाटली मागितली, गोळ्या ओतल्या आणि मोजल्या. असायला हव्यात त्याहून तेरा जास्त.

"वहिनी, या गोळ्या तू घेतल्या नाहीस."

"घेतल्या की. उपासाच्या दिवशी तेवढ्या नाय घेतल्या."

"उपासाच्या?"

"श्रावणी सोमवार, शनवार, एकादशी, चतुर्थी. उपासाला गोळी कशी चालंल?"

"औषधाला उपास नसतो!"

"पोटात जाते का नाय? पोटात गेलं ते खाणं."

"मग वरीचा भात खातेस तो?"

"तो उपासाचा हाय."

"मग गोळीही उपासाची समज!"

"ती कशात केलीय, ठाव हाय तुमाला?"

मला ठाऊक नव्हते. मी शाळेत इतिहास शिकवत असे. मी कपाळावर हात मारला. बायको कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हसत होती; तिच्यावरही ओरडलो. मग तिनेच तोड सुचवली. आमच्याकडचे उपास संध्याकाळी सुटतात. दिवसभर उपास, रात्री जेवण. मग गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. एकादशीची तेवढी दुसऱ्या दिवशी सकाळी. उपासही राहील, गोळीही जाईल. वहिनी लगेच तयार झाली. "हे आधी सांगायचंत. उगाच भांडलाव." डॉक्टरीणबाईंनाही पटले.

वहिनी प्रौढवर्गात बसून अक्षर ओळखायला आणि गिरवायला शिकली होती. मी वहीचे एक मोठे पान फाडले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले. कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत गोळी. मधले सात दिवस खाडा. आणि खाली, रेघ मारून: 'उपास असेल त्या दिवशी उपास सोडल्यावर घ्यावी. विसरू नये.' वहिनीने बोट ठेवून ते तीनदा वाचले आणि भिंतीतल्या देवळीत ठेवले.

भाद्रपदभर सगळे बिनचूक चालले. खाडा ठरलेल्या दिवशी आला, ठरलेल्या दिवशी संपला. तिने नवे मातीचे भांडे आणले, अंगणाच्या कडेला वेगळी चूल घातली, सारवली. नव्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे तांदूळ सडून ठेवले. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी जाऊन आलो तेव्हा ती चुलीपुढे बसून, नुसतीच, जाळाशिवाय, बसायची जागा जमते का ते पाहत होती. मी थट्टा केली तर म्हणाली, "भडका नाय येत आता. खरंच नाय येत." माझी छाती अभिमानाने फुगली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठव्या माळेला सुट्टी होती म्हणून आम्ही दोघे वाडीवर गेलो. अंगणातली चूल थंड होती. तिच्यात राखसुद्धा जुनी दिसत होती. नैवेद्याचा धूर थोरल्या घराच्या मागून येत होता. वहिनी पडवीच्या टोकाला गोणपाटावर बसली होती.

पाचव्या माळेच्या पहाटे, आधणात तांदूळ वैरून झाल्यावर, तिच्या लक्षात आले. कोणाला कळले नसते. मीठ घालून, झाकण ठेवून ती देवळात पाठवू शकली असती. ती उठली, चुलीपासून सात पावले मागे आली आणि तिने काकीला हाक मारली. काकी पळत आली. काय झाले ते न विचारता तिने भांडे उतरवून बाजूला ओतले, स्वतःच्या घरी नवी चूल मांडली आणि उजाडायच्या आत दुसरा नैवेद्य रांधला. एरवी जिची जीभ थांबत नसे ती काकी या बाबतीत एक शब्द बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागले.

मी वहिनीवर ओरडलो. आज ते लिहितानाही मान खाली जाते. "गोळ्या घेतल्या नाहीस ना? इतकं लिहून दिलं, समजावलं, पंचांग घेऊन डॉक्टरकडे गेलो, आणि तू…"

ती शांतपणे माझ्या बायकोला म्हणाली, "अगो, देवळीतला कागद आण. मला आत जाता येत नाय."

बायकोने आणला. "भावजींना दे. वाचा, भावजी. मोठ्यानं वाचा."

मी वाचले. 'उपास असेल त्या दिवशी उपास सोडल्यावर घ्यावी.'

"नवरात्राचे माझे नऊ दिवसांचे उपास असतात," वहिनी म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासनं. फळावर राहते. ते दसऱ्याला सुटतात. तुमाला ठाव हाय. ल्हानपणी माझ्या केळ्यातलं अर्धं तुमी खायचाव."

मला ठाऊक होते. खरोखरच ठाऊक होते. तिने पहिल्या माळेपासून गोळी बाजूला ठेवली होती, दसऱ्याला उपास सोडल्यावर घेण्यासाठी. माझ्या अक्षरात लिहिले होते तसेच, विसरू नये म्हटले होते म्हणून न विसरता. आणि औषध थांबले की जे होते ते चार दिवसांनी झाले होते.

मी काहीतरी बोलू लागलो. तिने हात वर केला.

"तुमी मला बरं केलंत, भावजी. मी झोपते आता, ते खोटं नाय. पण चुलीवरनं उठताना मला काय वाटलं ते तुमच्या कागदात बसायचं नाय. आता सात वर्षांनी. तवर कोण हाय, कोण नाय. त्या गोळ्या घेऊन जा."

मी बाटली खिशात घातली. दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी वहिनीला हे पत्र पाठवले. बंद पाकिटात, कारण पोस्टमन आमच्याच गावचा होता.

सौ. वहिनीस, महाडहून मोठा नमस्कार.

अक्षर मोठे काढले आहे. हळूहळू वाच आणि वाचून झाल्यावर चुलीत घाल.

चूक तुझी नव्हती. मी तुझ्यावर ओरडलो ते वाईट केले. डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, त्यांच्याही लक्षात यायला हवे होते. पण त्यांना तुझे उपास ठाऊक नव्हते. मला होते. त्यामुळे त्यांनी माझी चूक वाटून घेतली तरी ती माझीच राहते.

आता दुसरी गोष्ट, जी तुला काकी सांगायच्या आत मीच सांगतो. परवा थोरले काका बाजाराला आले होते. मी त्यांना म्हणालो, मान आमच्या घरी पुढच्या वर्षी पुन्हा द्या, घोटाळा मी केला, वहिनीने नाही. ते म्हणाले, सात वर्षे म्हणजे सात वर्षे. मी भर बाजारात त्यांच्याशी भांडलो. उपयोग झाला नाही. ते चहा न घेता गेले. तुला त्यांच्या घरी आता अवघड वाटेल, त्याबद्दलही माफ कर. मला वाटते मी तुझ्यासाठी काही करायला गेलो की तुझे एक काम वाढते.

बाटली माझ्याकडे आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या थांबल्या म्हणजे भडके परत येतील. आले असतील तर तू ते कोणाला सांगणार नाहीस, हे मी ओळखून आहे. थंडीही येते आहे आणि तू पुन्हा ओटीवर सूप घेऊन बसशील. गोळी नको असेल तर नको. मी एकदाच भांडेन आणि मग गप्प बसेन. पण हवी असेल तर यावेळी कागद मी लिहिणार नाही. सोबत कोरे पान ठेवले आहे. त्यावर तुझे सगळे उपास लिही, वाराचे, तिथीचे, नवसाचे, मला ठाऊक असलेले आणि नसलेले. कोणता कधी सुटतो तेही लिही. आणि महिन्यातले कोणते दिवस तुला मोकळे हवेत तेही. डॉक्टरीणबाई आणि मी ते पान पुढे ठेवून गोळ्या त्यात बसवू. बसल्या नाहीत तर तसे तुला सांगू.

पान परत पाठवताना काही लिहायचे नसेल तर कोरेच पाठव. म्हणजे मला कळेल.

तुझा भावजी